सुरा माझा, म्यान हेडबाईंचं

प्रिय अक्कलदाढे,

हे पत्र आत्याच्या फोनच्या आधी तुझ्या हातात पडावं अशी माझी फार इच्छा आहे, पण आत्याचा फोन बोटाने लागतो आणि माझं पत्र पोस्टाने येतं, तेव्हा शर्यत कोण जिंकणार हे मला ठाऊक आहे. तुझा बाप भर दुपारी टॉवेलात सुरा गुंडाळून एका बाईंच्या घरी गेला होता असं तिने तुला सांगितलं असेल, तर ते अक्षरशः खरं आहे. त्याचा तिने पहिल्यांदा लावला तो अर्थ चुकीचा आहे. दुसऱ्यांदा लावला तो बराचसा बरोबर आहे आणि त्याच्याकडे मी सावकाश येतो. फोन का नाही केलात, असं तू म्हणशील. फोन केला की तू 'बाबा, थोडक्यात' म्हणतेस, आणि हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. शिवाय पत्रात तुला मधे बोलता येत नाही. जन्मभर माणसांच्या तोंडात हात घालून गप्पा मारल्यामुळे समोरचा गप्प असला की मला बरं सुचतं. शेवटी मी तुला एक गोष्ट विचारणार आहे आणि तू नाही म्हणालीस तर ती होणार नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. म्हणजे तू पानं उलटून आधी शेवट वाचशील. लहानपणी तेच करायचीस. पण तसं करू नकोस.

आपल्या घरातल्या शिकारीच्या सुऱ्यांची तुला कायम लाज वाटली. मैत्रिणी यायच्या म्हटलं की तू बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटावर चादर टाकायचीस. दातांच्या डॉक्टरकडे एवढी धारदार हत्यारं कशाला, हा त्या मुलींचा प्रश्न रास्तच होता. मी आयुष्यात डाससुद्धा एका फटक्यात मारलेला नाही. मला शिकारीचं काही नाही गं, मला त्या वस्तूचं वय काढायला आवडतं. कुणीतरी भट्टीपाशी बसून हाताने ठोकलेली वस्तू, तिच्यावर ना नाव ना साल, आणि आपण भिंग लावून पाहायचं की पातं किती वेळा पाजळलंय, मुठीतले खिळे कसले आहेत, शिंग कुठे पिवळं पडलंय, आणि म्हणायचं की ही अमक्या सुमाराची. दाताचंही तसंच असतं. माणूस वय चोरतो, दात चोरत नाही. ही खोड मला इतकी जडली आहे की समोरच्या बिऱ्हाडाने 'नवीन सोफा बघायला या' म्हणून बोलावलं तेव्हा मी खाली वाकून त्याचे पाय पाहिले आणि सोफा कमीत कमी पंधरा वर्षांचा आहे हे सर्वांदेखत सांगितलं. ते लोक अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुझी आई म्हणायची, या माणसाला लग्नाला नेऊ नये, नवरीचं वय सांगून मोकळा होईल.

आई गेल्यावर तू म्हणालीस, बाबा, कशात तरी मन रमवा, फक्त त्या सुऱ्यांकडे बघत बसू नका. मी सुऱ्यांकडेच बघत बसलो. त्यात कोंबडीपाय भेटला. कोंबडीपाय हा एक कारागीर, त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही. कुठल्याशा डोंगरात एकट्याने भट्टी चालवून तो शिकाऱ्यांना सुरे करून द्यायचा आणि पात्यावर मुठीजवळ कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण ठोकायचा. साल कधीच घालायचा नाही, त्यामुळे आमच्यासारख्या रिकामटेकड्यांची जन्माची सोय झाली. सर्वमान्य समजूत अशी की उमेदवारीच्या दिवसांत चांगलं पोलाद घ्यायची त्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो लोखंड घासून झिजलेल्या, फेकून दिलेल्या कानशी तापवून त्यांचेच सुरे करी. तिरप्या उजेडात धरलं की अशा सुऱ्याच्या पाठीवर कानशीचे दाते पुसट दिसतात. पुढे जम बसल्यावर तो मोटारींच्या स्प्रिंगचे जाड पाटे वापरू लागला. म्हणजे दाते दिसले की सुरा सुरुवातीचा, आणि सुरुवातीचे सुरे फार थोडे उरलेत.

असा सुरा मला रविवारच्या जुन्या बाजारात मिळाला. तिथला टोपीवाला तुला आठवत असेल, पाऊस आला की स्वतः भिजत मालावर छत्री धरतो तो. शिंगाची मूठ, तिच्यापुढे पितळेची आडपट्टी, पाठीवर दाते. मी तिथेच खिशातलं भिंग काढलं, आणि टोपीवाल्याने लगेच किंमत वाढवली. म्यान मात्र नव्हतं. विचारलं तर टोपीवाला शांतपणे म्हणाला, होतं की, आत्ताच एक बाई घेऊन गेल्या, त्यांना सुरा नको होता. लग्नं जुळवणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण जोडी फोडून दोन गिऱ्हाइकांना देणारा हा एकच. मी गर्दीत त्या बाईंना शोधलं, सापडल्या नाहीत. त्या पुढच्या महिन्यात स्वतःच सापडल्या आणि मला पुरतं तोंडघशी पाडून गेल्या.

आमच्या संग्राहकांची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. एक घड्याळवाला, एक निवृत्त नकाशेवाला, मी, आणि एक विमा एजंट, जो सुऱ्यांसाठी येतो की आमच्या वयासाठी हे अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी 'कोंबडीपायची सुरुवातीची वर्षं' या विषयावर निबंध वाचला. टाळ्या झाल्या. मग मागच्या खुर्चीतून हात वर आला. हात वर करणारीच्या चेहऱ्यावर मात्र असा भाव होता की वर्गात आता कुणाची तरी खैर नाही. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्या फक्त म्यानं जमवतात. सुरा त्यांना घरात नको असतो. वडील घोड्यांची खोगिरं शिवायचे, त्यामुळे कातड्याचा वास आणि मेणाचा दोरा त्यांच्या लहानपणात आहे. त्यांचं मत असं की लोखंड कुणीही बडवतो, शिवायला अक्कल लागते. तर त्या उभ्या राहून म्हणाल्या की या सुऱ्याचं म्यान माझ्याकडे आहे आणि त्याच्या पट्ट्याला टिचबटण आहे. कोंबडीपाय सुरुवातीला कातड्याची वादी बांधायचा, टिचबटणं त्याने अगदी म्हातारपणी वापरली, तेव्हा डॉक्टरांचा सुरा सुरुवातीचा नसून शेवटचा आहे. मी म्हटलं, मग ते म्यान या सुऱ्याचं नसणार. त्या म्हणाल्या, घालून बघू या. मी म्हटलं, असल्या गोष्टी घाईत करायच्या नसतात. घड्याळवाल्याने दात काढले. ते दातही मीच बसवून दिलेले आहेत.

पुढे काय झालं ते आत्याकडून तुला तिखटमीठ लावून कळलं असेलच. हेडबाई आठवड्याआड आपल्या घरी येऊ लागल्या. येताना म्यानाचा एखादा फोटो, टाक्यांचा एखादा कागदी नमुना आणायच्या आणि माझं म्हणणं खोडून जायच्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांचं खोडायला त्यांच्याकडे जायचो. त्या आल्या की आत्या खालच्या मजल्यावरून जिन्यातल्या कुंडीला पाणी घालायला यायची. एकाच कुंडीला. ते झाड शेवटी कुजलं, तरी रिकाम्या कुंडीला पाणी घालणं सुरूच राहिलं. तू म्हणशील, सुरा म्यानात घालून बघायचा, मिनिटाचं काम, वाद कसला घालता? पण विचार कर. बसला, तर माझा निबंध रद्दी आणि मी चारचौघांत खोटा. नाही बसला, तर बाईंचं म्यान बेवारशी आणि त्या खोट्या. दोघांनाही ते परवडणारं नव्हतं. म्हणून आम्ही घालून बघत नव्हतो. निदान जगाला आम्ही कारण हेच सांगत होतो.

यातली एक दुपार तुला नीट सांगायची आहे. बाई कपाटातले सुरे एकेक करून पाहत होत्या. धारेची भीती वाटते म्हणून सुरा असा धरतात जसा काही तो चावणार आहे. पाहता पाहता त्यांनी खालच्या फळीवरचा तो रुंद पात्याचा सुरा उचलला. तुला तो माहीत आहे. तुझ्या पहिल्या नोकरीची बातमी आली, घर माणसांनी भरलं, सरबत करायचं होतं आणि स्वयंपाकघरातली एकही सुरी कापेल तर शपथ, तेव्हा आईने हाच सुरा घेऊन एका दमात सगळी लिंबं चिरली होती. मी आरडाओरडा केला, शंभर वर्षांचं पातं आहे म्हणालो, तर ती म्हणाली, मग शंभर वर्षांत त्याला एक तरी चांगलं काम मिळालं. त्या लिंबाचा निळसर काळा डाग पात्यावर अजून आहे. ज्याने ज्याने हा सुरा पाहिला त्याने मला सांगितलं की डॉक्टर, पॉलिश करून घ्या, लाखमोलाच्या पात्यावर डाग शोभत नाही. हेडबाईंनी पातं खिडकीशी नेलं, वास घेतल्यासारखं नाकाजवळ धरलं आणि म्हणाल्या, "हा रक्ताचा डाग नाही. घरातला आहे." मी त्यांना सगळं सांगितलं. आईबद्दल इतकं मी कुणाशी बोललो नव्हतो, तुझ्याशीही नाही, कारण तू रडतेस आणि मग मला थांबावं लागतं. त्यांनी सुरा होता तसा, होता त्याच जागी ठेवला आणि म्हणाल्या, "हा पुसू देऊ नका कुणाला." नंतर त्यांनी त्यांच्या यजमानांबद्दल सांगितलं. घरातला प्रत्येक रेडिओ उघडून बिघडवणारे गृहस्थ होते. त्यातला एक अजून उघडाच ठेवलाय म्हणाल्या. त्या दिवशी कोंबडीपायचा विषय निघालाच नाही.

आता टॉवेलाकडे येतो. मागच्या महिन्यात बाईंचा निरोप आला की पुढच्या बैठकीत घड्याळवाला हा वाद मतदानाने सोडवणार आहे. वस्तूचं वय मतदानाने ठरवणार, म्हणजे उद्या ताप आहे की नाही हेही हात वर करून ठरवतील. त्यापेक्षा आपणच काय तो निकाल लावू, सुरा घेऊन या, असं बाईंनीच पुढे कळवलं होतं. मी सुरा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि निघालो. लिफ्टमध्ये सोफावाले भेटले. इतक्या महिन्यांचा अबोला नेमका त्या दिवशी त्यांना सोडावासा वाटला. कुठे निघालात, म्हणाले. माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं, की एका बाईंकडे, सुरा घेऊन. ते मधल्याच मजल्यावर उतरून गेले. बाईंच्या इमारतीच्या दारावर रखवालदाराने पिशवी उघडायला लावली. मी म्हटलं, जुना आहे. तो म्हणाला, कापत नाही का? आता जातिवंत संग्राहकाला हा प्रश्न विचारला तर तो खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, कापतो की, उत्तम कापतो. मग त्याने वर फोन केला, बाई स्वतः खाली आल्या आणि शाळेत उशिरा आलेल्या पोराला न्यावं तसं मला वर घेऊन गेल्या. रखवालदाराने ते फोन करून त्याच्या गावच्या माणसाला, म्हणजे सोफावाल्यांच्या ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरने आत्याला. मी सरबताचा ग्लास हातात घ्यायच्या आत आत्याचा मला फोन आला होता की शुद्धीवर आहेस का.

बाईंच्या जेवणाच्या खोलीत भिंतभर म्यानं टांगलेली आहेत, जशी एखाद्या मोठ्या कुटुंबाची मोज्यांची ओळ वाळत घालावी. त्यांनी टेबलावर कापड अंथरलं, आमचं ते म्यान मधे ठेवलं आणि मला म्हणाल्या, घाला. मी घातला. जराही जोर लावावा लागला नाही. सुरा आत गेला, आडपट्टी म्यानाच्या तोंडावर टेकली, बाईंनी पट्टा फिरवून टिचबटण दाबलं आणि ते टच्च करून बसलं. माझ्या सुऱ्याच्या आडपट्टीचा डावा कोपरा किंचित खाली आलेला आहे, कारागिराच्या हातून घासताना झालेली चूक. म्यानाच्या तोंडावर नेमका तेवढाच, तिथेच, खळगा होता. कातडं ओलं असताना याच सुऱ्यावर दाबून ते म्यान केलेलं होतं, यात शंकेला जागाच नव्हती. मी हरलो होतो. पण मग पाठीवरचे कानशीचे दाते कुठून आले, एवढं मला कळेना. बाईंनी ते फार सहज सांगितलं. म्हातारपणी त्याच्या दंडात स्प्रिंगचे जाड पाटे बडवायची ताकद राहिली नसेल, म्हणाल्या, म्हणून पुन्हा पातळ कानशींकडे वळला असेल. सुरुवातीला जे केलं तेच शेवटी करायला बसला. इतके महिने ज्याला मी तरुण समजत होतो तो माझ्याच वयाचा म्हातारा निघाला, आणि त्याचं काम तरुणपणाइतकंच देखणं होतं.

मग मी त्यांना खरं ते सांगून टाकलं. तो वाकडा कोपरा मला सुरा घरी आणल्याच्या पहिल्या आठवड्यातच दिसला होता. त्यांनी दाखवलेल्या पहिल्याच फोटोत म्यानावरचा खळगाही दिसला होता. हा सुरा त्याच म्यानाचा आहे हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. पण ते मान्य केलं असतं तर वाद मिटला असता, आणि वाद मिटला असता तर बाईंनी आपल्या घरी यायला कारण काय उरलं असतं? मला वाटलं, आता या मला कोपऱ्यात उभं करणार. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मला तुमच्या निबंधातल्या चित्रातच दिसलं होतं. तुम्ही कधी बोलताय याची वाट बघत होते." घे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे दोन चोर आणि सबंध आभाळ उजळलेलं.

खरा पेच त्यानंतर पडला. जोडी जुळली, आता फोडायची नाही, यावर एकमत झालं. पण बाई म्हणाल्या सुरा मला द्या, मी म्हटलं म्यान मला द्या. त्या देईनात, मी देईना. संग्राहक जिवंतपणी काही देत नाही गं, त्याला आमच्यात अपशकुन मानतात. असे आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना, एकेक हात त्या सुऱ्यावर ठेवून बसलो होतो. शेवटी बाईंनी विचारलं, मग तिसरा मार्ग काय, सांगा. पोराला गणित घालावं तसं विचारलं. मी सांगितला. तो बरोबर आहे असं त्यांनी मान हलवून मान्य केलं. आणि लगेच आम्हा दोघांच्याही एकदम लक्षात आलं की सुरा म्यानात ठेवायचाच नसतो. कातडं कमावताना जे घालतात त्याने पितळ हिरवं पडतं आणि पात्यावर ठिपके उठतात, हे या छंदातलं पहिलं अक्षर आहे. म्हणजे लग्नाचं ठरल्यावर आम्ही दोघांनी मिळून पहिलं काम केलं ते टिचबटण सोडून ती जोडी वेगळी करण्याचं. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, एका म्यानात दोन तलवारी राहत नसतात, तुम्ही दोघं हेकेखोर, महिन्याभरात भांडाल. मी म्हटलं, भांडायला तर आम्ही लग्न करतोय. सुरा एका खणात राहील, म्यान शेजारच्या खणात, आणि बाई शेजारच्या खोलीत, कारण मी घोरतो हे आत्याने त्यांना कुंडीला पाणी घालता घालता आधीच कळवलंय.

आता विचारायची गोष्ट. मागच्या खेपेला आलीस तेव्हा मी आईची खुर्ची खिडकीपासून हलवली होती. तुझा चेहरा पाहिला मी. तू ती परत जागेवर ठेवलीस आणि जेवली नाहीस. उन्हाने तिचं कापड विरत होतं म्हणून हलवली होती, एवढं सांगायला माझी जीभ रेटली नाही. या वेळी काहीही हलवण्याआधी तुला विचारतोय. खुर्ची आहे तिथेच राहील, हेडबाईंनीच ते पहिल्यांदा सांगितलं, त्या स्वतःची घेऊन येणार आहेत. तुला हे नको असेल तर तसं लिही. मी बाईंकडे दर आठवड्याला सुरा घेऊन जात राहीन, रखवालदाराला आता सवय झाली आहे, आणि तुझ्यावर मी रागावणार नाही. वाईट वाटेल, पण रागावणार नाही. आणि हो म्हणणार असलीस तर एवढं कर, की जावईबापूंना आणि पोरीला घेऊन ये आणि परत जाताना तो लिंबाचा सुरा तुझ्याकडे घेऊन जा. सगळ्या कपाटात मला तारखेसकट ठाऊक असलेली ती एकच खूण आहे, आणि ती तुझी आहे. तो मी आजवर कुठल्याही म्यानात घातलेला नाही. तूही घालू नकोस, मऊ कापडात ठेव, डाग पुसू देऊ नकोस, आणि घरात काही चांगलं घडलं की बिनदिक्कत लिंबं चीर. फक्त विमानात तो हातातल्या पिशवीतून नेऊ नकोस. कापतो का असं कुणी विचारलं तर तूही माझ्यासारखंच खरं बोलशील, मला माहीत आहे.

उत्तराची वाट पाहत, खुर्चीवरची धूळ रोज झटकणारा,

तुझाच
बाबा